पुरात मोबाईल कसा वापरावा: चाळीसगावच्या एका झेरॉक्सवालीकडून

मदतीची पोस्ट टाकणं कुणालाही जमतं. ती वेळेवर बंद करणं फार थोड्यांना जमतं, आणि माझ्या मते पुरातलं मोबाईलचं निम्मं काम तेच आहे. ‘अमुक गावाला पाणी हवं’ असा मेसेज सकाळी निघतो, दुपारी टँकर पोचतो, पण मेसेज पुढचे पंधरा दिवस फिरतच राहतो. पुण्याहून फोन, सुरतेहून फोन, कुवेतच्या भाच्याचा फोन. गाड्या त्याच गावाला जातात आणि पलीकडच्या वस्तीवर कुणी फिरकत नाही, कारण तिथे कुणाच्या फोनला चार्जिंगच नसतं.

मी चाळीसगावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवते. एका छोट्या संस्थेचा हिशेब माझ्याकडे असतो, म्हणून पुरात फोन आणि यादीसुद्धा माझ्याच गळ्यात पडली. पाण्यात उतरणारी पोरं वेगळी, मी टेबलावरची. ३१ ऑगस्ट २०२१ ला डोंगराकडे रात्रभर पाऊस कोसळला, तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या फुगल्या, पाणी बाजारपेठेत आणि आजूबाजूच्या गावांत शिरलं, शेकडो जनावरं वाहून गेली. कन्नड घाटात दरडी कोसळून तेव्हाच्या औरंगाबादचा रस्ता बंद झाला. तिकडून मदत घेऊन निघणाऱ्याला घाट बंद आहे हे कोण सांगणार? हे असलं काम टेबलावरचं. त्यावरून बनवलेल्या या सूचना.

आधी एक गोष्ट ठरवून टाका. माणूस पाण्यात अडकलाय, छतावर बसलाय, बाईच्या कळा सुरू झाल्यात, तर पोस्ट टाकायची नाही, फोन लावायचा. ११२, रुग्णवाहिकेला १०८, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७. मोबाईलवरून १०७७ लागला नाही तर त्याच्या आधी एसटीडी कोड लावून बघा: जळगाव ०२५७, धुळे ०२५६२, नंदुरबार ०२५६४. कक्षाचा साधा लँडलाइन नंबरही कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, कारण मोबाईल बंद पडला की त्यातले नंबरही गेले. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्यालाच असते, पण ती जिल्हा प्रशासनाच्या निरोपावर निघते. इन्स्टाग्रामवर टॅग करून बोट येत नाही.

मे महिन्यात दोन ग्रुप

पाऊस सुरू झाल्यावर ग्रुप काढला तर त्यात पहिले दोन दिवस ‘मला ॲड करा’ एवढंच चालतं. म्हणून मे महिन्यात, लग्नांची गडबड सरली की बसा. एक ग्रुप ‘काम’ नावाचा: पंधरा-वीस माणसं, बास. ट्रॅक्टरवाला, पाण्याच्या टँकरचा मालक, मेडिकलवाला, दोन शिक्षक, एक आशाताई, पट्टीचे पोहणारे, आणि माझ्यासारखं एखादं टेबलावर बसणारं. दुसरा ‘माहिती’ नावाचा, शे-पाचशे लोकांचा, ज्यात फक्त ॲडमिननेच लिहायचं. ही सेटिंग पहिल्याच दिवशी करा. एरवी एखाद्या भाऊंचा वाढदिवस नेमका पुराच्या दिवशी निघतो आणि ‘नदीले पूर येल शे’ हा निरोप केकच्या फोटोंखाली गडप होतो. शुभ सकाळचे गुलाब टाकणाऱ्याला ‘काम’ ग्रुपमधून बाहेर काढा, सख्खा काका असला तरी.

ब्रॉडकास्ट लिस्टवर भिस्त ठेवू नका. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज जातच नाही, आणि पाठवणाऱ्याला वाटतं सगळ्यांना गेला.

प्रत्येक गावाची तीन नावं लिहून ठेवा: पोलीस पाटील, आशा किंवा अंगणवाडी ताई, आणि उंचावर घर असलेलं एक कुटुंब. तिसऱ्याचं महत्त्व पूर आल्यावर कळतं, त्यांचाच फोन कोरडा राहतो.

मेसेज लिहायचा कसा

सगळ्यात जास्त फिरणारा नमुना आधी बघा:

‘पिंप्री येथे भयानक पूरपरिस्थिती. लोक उपाशी आहेत. तातडीने मदतीची गरज. जास्तीत जास्त शेअर करा.’

कोणती पिंप्री? आपल्याकडे पिंप्री, पिंपळगाव, वडगाव ही गावं तालुक्यागणिक आहेत, वर त्यांचे बुद्रुक आणि खुर्द. नुसतं पिंपळगाव म्हटलं तर गाडीवाला पाचोऱ्याकडच्या पिंपळगाव हरेश्वरला जाऊन पोचेल, त्याचा काय दोष? लोक किती? आजची गोष्ट की परवाची? उपाशी आहेत म्हणजे शिजवलेलं जेवण हवं की शिधा? चूल पेटण्यासारखी आहे का? यातलं एकही उत्तर त्या मेसेजमध्ये नाही. ‘जास्तीत जास्त शेअर करा’ हे मात्र आहे, आणि नेमकं तेच नको.

आता असा लिहा. गाव मनाचं आहे:

‘सोमवार, सकाळी ९.४०. पिंप्री खुर्द, तालुका अमुक, मरीआईच्या देवळामागची वस्ती. ३२ माणसं शाळेच्या खोलीत, त्यांत ६ लहान मुलं, एक बाई आठव्या महिन्याची. पिण्याचं पाणी २०० लिटर आणि दुपारचं तयार जेवण हवं. कपडे नकोत. पुलावरून रस्ता बंद, मागच्या शिवाररस्त्याने ट्रॅक्टर जातो, ट्रक जात नाही. फोन: गावातला एक, आमचा एक. सोमवार संध्याकाळी ६ नंतर हा मेसेज पुढे पाठवू नका, आधी फोन करा.’

शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. मेसेजला मुदत घाला. औषधाच्या पाकिटावर असते तशी. मुदत उलटलेला मेसेज कुणी पुढे ढकललाच तर वाचणाऱ्याला तरी कळतं की हे जुनं आहे.

गरज भागली की त्याच मेसेजला रिप्लाय करून ‘पोचलं, दुपारी १.१५, हा मेसेज बंद’ असं लिहा. मूळ मेसेज डिलीट करू नका. तुम्ही डिलीट केलात तरी लोकांनी पुढे पाठवलेल्या प्रती तशाच राहतात, आणि तुमच्या ग्रुपमध्ये मात्र काय झालं होतं याचा मागमूस उरत नाही.

बाहेरगावच्या लोकांसाठी आणखी एक युक्ती आहे. त्यांना गरजेची यादी मेसेजमध्ये देऊच नका. गूगल शीट करा, फक्त बघता येईल अशी ठेवा आणि तिची लिंक द्या: ‘आत्ता काय हवंय ते इथे बघा.’ लिंक हजार ठिकाणी फिरली तरी आतली यादी तुमच्या हातात राहते. पाणी पोचलं की ओळ हिरवी करा, कुवेतच्या भाच्यालाही त्याच मिनिटाला दिसतं. गावातल्या लोकांना मात्र लिंक नको, साधा मजकूरच द्या. रेंजची एक काडी असताना शीट उघडत नाही.

माझ्या कामाच्या शीटमध्ये रकाने असे असतात: निरोप कधी आला, गाव आणि तालुका, काय हवं, किती जणांना, कुणी सांगितलं, कुणी तपासलं, कुणाकडे दिलं, आणि शेवटी स्थिती. स्थितीचे शब्द पाचच: आलं, तपासलं, निघालं, पोचलं, बंद. सहावा शब्द पोरांनी आणायचा प्रयत्न केला, ‘प्रोसेसमध्ये’. मी काढून टाकला. प्रोसेसमध्ये म्हणजे कुणीच काही करत नाही. वीज गेली तर हेच रकाने आखलेली लांब वही हाताशी हवी.

एकाच घरासाठी पाच निरोप येतात हेही धरून चला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला तेव्हा तिथल्या सरकारने आणि स्वयंसेवक इंजिनीअरांनी मिळून ‘केरळ रेस्क्यू’ नावाची वेबसाइट उभी केली. परदेशातले नातेवाईक तिच्यावर आईवडिलांसाठी नोंदी करायचे. मुलगा करणार, सूनही करणार, शेजारीही करणार. म्हणून तिथे स्वयंसेवकांना एकेक नंबर फिरवून विचारत बसावं लागलं. आपल्याकडे माणसं कमी, तेव्हा नोंद नावाने लावू नका, मोबाईल नंबरने लावा. नंबर तोच दिसला की नवी ओळ नको, जुनीतच भर घाला.

खरं की खोटं

उलटा फोन करा. आलेल्या मेसेजवर दिलेला नंबर फिरवा आणि विचारा: तुम्ही स्वतः बघताय की कुणी सांगितलं? आत्ता समोर काय दिसतंय? गावातलं आणखी एक नाव सांगा. खरा माणूस पटापट बोलतो, ‘मारुतीच्या पायरीला पाणी लागलं ताई.’ फॉरवर्ड करणारा अडखळतो, मग म्हणतो, ‘मला ग्रुपवर आलं होतं.’ रागावू नका त्याच्यावर, ओळ ‘आलं’ वरच ठेवा.

फोटोत दुकानाच्या पाट्या कुठल्या लिपीत आहेत ते बघा, गाड्यांच्या नंबर प्लेटवर एमएच १९ आहे का बघा, पुलाला कठडा आहे का बघा. गूगल लेन्समध्ये टाकला की जुना फोटो बहुतेक वेळा सापडतो.

धरणाच्या बातम्यांत जास्त घोळ होतो. हतनूरला ४१ दरवाजे आहेत आणि पावसाळ्यात ते उघडणं हे धरणाचं नेहमीचं काम. ‘दरवाजे उघडले’ एवढ्यावरून घाबरायचं काही नसतं. विसर्ग किती, किती वाजता वाढवला, आणि तुमच्या गावापर्यंत पाणी यायला किती तास लागतात, हे हवं. आकडा क्युसेकमध्ये आहे की क्युमेकमध्ये, हेही नीट वाचा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, आणि एक क्युमेक म्हणजे ३५ क्युसेक. एका अक्षराच्या फरकाने पूर पस्तीस पट होतो. धरण फुटल्याची आवई तर कुणी तरी उठवतोच. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५४ प्रमाणे खोटा इशारा पसरवून घबराट माजवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. हे ‘माहिती’ ग्रुपच्या वर्णनातच लिहून ठेवा.

पण धरणाच्या अफवेपेक्षा मला जास्त भीती दुसऱ्या अफवेची वाटते. गावात अनोळखी माणसं फिरताहेत, ही. १ जुलै २०१८ ला आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. त्याआधी असे किती जीव गेले असतील, कुणास ठाऊक.

पूर ओसरला की गावात सगळी अनोळखीच माणसं येतात. वायरमन बाहेरचे, पंचनाम्याला आलेले बाहेरचे, मदतवाले बाहेरचे, भंगारवाले बाहेरचे. लोक आधीच रात्र जागून काढलेले, घरं उघडी पडलेली. अशा वेळी ‘चोर फिरताहेत’ हा एक मेसेज पुरेसा होतो. म्हणून आमच्याकडे पद्धत अशी: टीम निघण्याआधी गावाच्या ग्रुपवर आणि पोलीस पाटलांना निरोप जातो. गाडीचा नंबर, रंग, किती माणसं, म्होरक्याचं नाव, कधी पोचणार, काय घेऊन येणार. गावातलं एक माणूस वेशीवर उभं राहतं आणि टीमबरोबर फिरतं. ‘चोर आले’ असा मेसेज दिसला तर त्याच्याखाली वाद घालू नका. ११२ ला कळवा, आणि गावातल्या ज्याचा शब्द चालतो अशा आबा-आप्पांच्या आवाजात अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज करून टाका.

आवाजात बोला

व्हॉइस मेसेज ही आपल्या भागासाठी मोठी सोय आहे. धडगाव, अक्कलकुवा, मोलगीकडे पावरी आणि भिलीत बोललेलं जितकं पोचतं तितकं माझं छापील मराठी पोचत नाही. इकडे अहिराणीचंही तेच. २०१० साली हैतीत भूकंप झाला तेव्हा लोकांनी ४६३६ या नंबरवर आपल्या क्रेओल भाषेत एसएमएस पाठवले, आणि परदेशात राहणाऱ्या हैतीच्याच लोकांनी ते इंग्रजीत करून मदत पथकांकडे दिले. नाशिक-पुण्यात शिकणारी आपली पावरा, भिल्ल पोरं हेच काम करू शकतात. त्यांना घरी बसून काय करू असं विचारायला लावू नका, त्यांच्याकडे व्हॉइस मेसेज ऐकून शीट भरायचं काम द्या.

सातपुड्यात रेंज सगळीकडे नाही. तिथे वेळा ठरवा: सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा. एक पोरगा त्या वेळेला रेंज येते त्या टेकाडावर जातो, साचलेले निरोप पाठवतो, नवे घेऊन खाली येतो. एरवी त्याचा फोन विमान मोडवर ठेवायला सांगा, बॅटरी जास्त टिकते. व्हिडिओ नको, मजकूर आणि आवाज पुरे. नेट अजिबात नसेल तर साधा एसएमएस बऱ्याचदा निघून जातो. चार्जिंगला ट्रॅक्टरची बॅटरी असतेच.

पाऊस थांबल्यावरही एक आवाजी निरोप काढावा लागतो. धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची घरं. पाणी मातीत मुरलेलं असतं, ऊन पडल्यावरही भिंत खचते. म्हाताऱ्या माणसांना वाटतं, ‘पाऊस गेला, आता काय होतं?’ त्यांना शाळेत आणखी दोन रात्री झोपा हे पटवायला त्यांच्या बोलीतला ओळखीचा आवाजच लागतो. अक्षरांचं हे काम नाही.

सामान आणि पैसा

जुने कपडे नकोत, हे पहिल्याच ओळीत लिहा. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले होते. लोकांना पुरात लागतं ते वेगळंच: ताडपत्री, दोर, झाकणाची बादली, फिनेल, सॅनिटरी पॅड, नवी अंतर्वस्त्रं, गमबूट, काडेपेटी, खराटे, फावडी. आणि चारा. माणसाचा शिधा तिसऱ्या दिवशी जास्त होतो, तेव्हाही गाय उपाशीच असते. चाऱ्यासाठी वेगळी पोस्ट टाका, शेतकरी पोस्ट बघून ट्रॉली भरून पाठवतो.

पैसे नोंदणी असलेल्या संस्थेच्याच खात्यात घ्या. क्यूआर कोड टाकलात तर सोबत लिहा, ‘स्कॅन केल्यावर हे नाव दिसलं पाहिजे, दुसरं दिसलं तर पैसे पाठवू नका.’ कोडचा फोटो बदलून स्वतःचा चिकटवणारे महाभाग पुरातही असतात. ८० जीची पावती हवी असणाऱ्याला आधीच सांगा की दोन हजारांवरच्या रोख रकमेला करसवलत मिळत नाही. परदेशातल्या नातेवाइकाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर चालतं. तिकडचं नागरिकत्व घेतलेला असेल तर संस्थेच्या एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय त्याचे पैसे घेता येत नाहीत, कितीही आग्रह करो.

रोज रात्री वहीच्या पानाचा फोटो ‘माहिती’ ग्रुपवर. डावीकडे आवक, उजवीकडे जावक, जावक लाल शाईने. सुंदर ग्राफिक करत बसू नका. खाडाखोड दिसणाऱ्या पानावर लोकांचा विश्वास जास्त बसतो.

फोटो

मदत घेणाऱ्याचा चेहरा दाखवायचा नाही, असा आमचा नियम आहे. हात, पिशवी, सामानाची रास, एवढं पुरतं. देणगीदाराला फोटो हवाच असेल तर त्याला ट्रॉलीचा द्या. हरवलेल्या किंवा एकट्या सापडलेल्या मुलाचा फोटो व्हायरल करणं तर कायद्यातच बसत नाही, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ बघा. १०९८ ला फोन लावा. अडकलेल्या बायकांचे नंबर उघड्या ग्रुपवर टाकले तर रात्री भलतेच फोन सुरू होतात. नंबर आपल्या कामाच्या शीटमध्येच ठेवा, बाहेरच्या लिंकवर नको.

पंचनाम्याचे फोटो मात्र भरपूर काढायला सांगा, आणि गाळ उपसण्याच्या आधी. भिंतीवर पाणी कुठवर चढलं ती रेघ, भिजलेलं धान्य, खरडून गेलेलं शेत. शेताच्या फोटोत विहीर, बांधावरचं झाड असं ओळखता येईल असं काही तरी यायला हवं. मेलेल्या जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा जवळून फोटो, त्यावरचा बारा अंकी नंबर वाचता येईल असा, आणि पुरण्याआधी पशुवैद्यकीय डॉक्टरांना कळवायचं. हे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि कधी, कुठे काढला ती माहिती गळून पडते. तलाठी आप्पा वैतागतात इतक्या फोटोंनी, वैतागू द्या.

शेवटी बंद करायचं काम. एक तारीख जाहीर करा आणि त्या दिवसानंतर सामान घेऊ नका. बाहेरगावच्या लिंकवर वरच मोठ्या अक्षरात ‘काम संपलं, मदत पाठवू नये’ असं लिहा, लिंक काढून टाकू नका. एकूण हिशेब, उरलेल्या ताडपत्र्या कुणाच्या गोडाउनमध्ये किती, हे ‘माहिती’ ग्रुपवर टाकून तो ग्रुप शांत होऊ द्या. मग शीटमधला फोन नंबरांचा रकाना काढून टाका, सगळ्यांच्या मोबाईलमधल्या प्रतीही पुसायला लावा. नंबर नसलेली एक प्रत छापून ग्रामपंचायतीत द्या. तिथला शिपाई ती कोणत्या कपाटात ठेवतो तेही बघून या, नाहीतर दोन वर्षांनी मागायला गेलात तर ‘अशी काही आलीच नाही ताई’ हे उत्तर ठरलेलं.